झाकण घट्ट होतं की नव्हतं

आमच्या जयपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी निवृत्त सभासद आपल्या नोकरीबद्दल लिहितो. एका वर्षी बँकेतल्या साहेबांनी दरोड्याची हकिगत लिहिली, एका वर्षी धरणावरच्या इंजिनिअरांनी पुराची. दोन्ही वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. यंदा पाळी माझी, आणि मी आयुष्यभर काय केलं, तर मोटरसायकलींची झाकणं उघडली. संपादकीणबाईंना मी हे आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "चालेल, अंकात काहीतरी हलकंही लागतंच." एवढा मान मला पुरेसा आहे.

सीकर रोडवर, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या तोंडाशी एका दुचाकीच्या शोरूमचं सर्व्हिस सेंटर होतं. दोन हजार सालच्या आगेमागे मी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो आणि ते दशक संपेपर्यंत तिथेच होतो. सुपरवायझर म्हणजे काय, तर काम मेकॅनिक करतात, शिव्या गिऱ्हाईक देतं आणि दोघांच्या मधे निळा शर्ट घालून जो उभा असतो तो. मी कऱ्हाडहून डिप्लोमा करून आलेला. मला वाटायचं, इथे आपण इंजिनाच्या आतल्या गंभीर आजारांवर बोलू, लोक ऐकतील. प्रत्यक्षात माझी सगळी कीर्ती इंजिनाच्या बाहेरच्या एका झाकणावर उभी राहिली.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटरसायकलच्या इंजिनात तेल असतं. ते वरचेवर बदलावं लागतं. जुनं तेल खालून सोडायचं आणि नवं तेल उजव्या अंगाला एक झाकण असतं ते काढून ओतायचं. झाकण बाटलीच्या बुचासारखंच फिरवून काढायचं. बऱ्याच गाड्यांत त्यालाच खाली एक पट्टी असते, ती आत बुडवून तेल किती आहे ते बघायचं. झाकणाखाली एक रबरी कडं असतं. तेल बाहेर येऊ न देण्याचं सगळं काम ते कडं करतं, झाकणाने फक्त त्यावर बसायचं. म्हणून झाकण हाताने लावायचं, तेही दोन बोटांनी. एवढं सोपं आहे, आणि एवढंच कुणी करत नाही.

आपल्या लोकांचा समज असा, की झाकण जितकं घट्ट तितकं चांगलं. हा समज लोणच्याच्या बरणीवरून आलेला असावा. माणूस झाकण हाताने लावतो, मग त्याला शंका येते, मग तो पक्कड आणतो आणि शेवटचा एक पीळ देतो. त्या पिळाने रबर चेपतं, उन्हाने कडक होतं, आणि जयपूरची ती पिठासारखी वाळू तेलात मिसळून आट्यांमध्ये जाऊन बसते. चार महिन्यांनी गाडी आमच्याकडे येते तेव्हा झाकण आणि इंजिन यांचं लग्न लागलेलं असतं.

माझ्या पहिल्याच आठवड्यात असं एक लग्न मी मोडायला गेलो. आमचे हेड मेकॅनिक बाबूलालजी झाकणाला छिन्नी लावून हातोडा मारायच्या बेतात होते. मी त्यांना थांबवलं, म्हटलं, याला शास्त्र आहे, आणि मोठी पक्कड घेऊन शास्त्र लावलं. झाकणाचं डोकं माझ्या हातात आलं आणि बाकीचं झाकण इंजिनातच राहिलं. गिऱ्हाईक म्हणालं, "अब?" बाबूलालजींनीच त्याची समजूत घातली, "साब नए हैं जी, महाराष्ट्र से आए हैं," जणू महाराष्ट्रात इंजिनांना झाकणंच नसतात. मग इंजिनाचं उजव्या बाजूचं अख्खं कव्हर उतरवलं, आत पडलेले तुकडे वेचले, तुटका भाग मागून काढला. दोन मिनिटांच्या तेलबदलीला दुपार गेली. पुढे कित्येक दिवस कुणी काही मोडलं की बाबूलालजी विचारायचे, "शास्त्र लगाया था क्या?"

त्या भीतीतून मी शिकलो. लोक म्हणतात गरज ही शोधाची जननी आहे, माझ्या बाबतीत जननी बेअब्रू होती. घरी हिच्या मसाल्याच्या बरण्यांवर प्रयोग केले आणि माझी एक पद्धत बसवली. आधी झाकणाभोवतीची सगळी घाण ब्रशने काढायची, कारण ती आत पडली तर झाकण उघडून उपयोग काय. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्याच्याभोवती गुंडाळून ठेवायचं. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने कडेकडेने हलकं ठोकायचं, दार वाजवतात तितकंच. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकड घ्यायची आणि आधी झाकण घट्ट करायच्या दिशेला किंचित दाबायचं. हे ऐकून सगळे हसतात. पण अडलेली आटी आधी थोडी पुढे सरकली की मग मागे यायला तयार होते. त्यानंतर सावकाश उलटं फिरवायचं. वाटेत झाकणाशी बोलायचं नाही. मी बोलायचो, ती माझी सवय होती, पद्धतीचा भाग नव्हे.

या पद्धतीने माझ्या हातून पुन्हा झाकण तुटलं नाही. हळूहळू झोटवाड्यापासून चौमूंपर्यंतचे गॅरेजवाले अडलेलं झाकण माझ्याकडे पाठवू लागले. मला 'ढक्कनवाले साब' असं नाव पडलं. हिंदीत ढक्कन म्हणजे आणखी काय होतं हे आमच्या मुलाने शाळेतून आल्यावर मला समजावून सांगितलं. पण तोवर नाव पक्कं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

गिऱ्हाइकांत एक मदनलालजी होते. विश्वकर्मामधल्या कारखान्यांत पाइप जोडायचं काम करायचे. त्यांच्या गाडीच्या झाकणातून थोडं तेल पाझरायचं. आम्हाला सांगितलं असतं तर रबरी कडं बदलून दिलं असतं. पण ज्याचा हात ज्या कामात, त्याला सगळीकडे तेच काम दिसतं. त्यांनी पाण्याच्या पाइपाला करतात तसं केलं. झाकणाच्या आट्यांना सूत गुंडाळलं, वर सफेदा फासला आणि पाना लावून आवळलं. सफेदा वाळून दगड झाला, सूत तेल पिऊन फुगलं.

"साब, बरसों से पाइप जोड़ रहा हूँ. आज तक एक बूँद नहीं टपकी," ते मला अभिमानाने म्हणाले.

"वो तो ठीक है, पर पाइप का जोड़ कोई हर तीन महीने में खोलता नहीं न," मी म्हटलं.

ते विचारात पडले. मग म्हणाले, "बात तो है. पर ढक्कन ओरिजनल है साब, तोड़ना मत. और बदल मत देना."

ही दुसरी धास्ती सगळ्यांनाच असायची, की आपला अस्सल भाग काढून आम्ही नकली बसवू. मदनलालजी त्यासाठी स्टूल घेऊन झाकणाच्या समोर बसले आणि उठेनातच. मी आट्यांवर डिझेलचे थेंब सोडले, फडकी गुंडाळली, ठोकलं, बोललो. चहा आला, गेला. बाबूलालजी येता जाता छिन्नीकडे बघत होते. शेवटी मी ठेंगण्या पाटावर उकिडवा बसून, ट्यूबची पकड घेऊन सगळा भार टाकला. सावकाश फिरवायचं हा माझाच नियम मी विसरलो होतो, आणि झाकणाने तेवढ्यात मन बदललं. ते एकदम सुटलं आणि मी उताणा मागच्या काळ्या तेलाच्या परातीत गेलो. हातात झाकण मात्र अखंड, वर धरलेलं.

मदनलालजींनी आधी ते माझ्या हातातून काढून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "देखा साब, कैसा पक्का जोड़ था." मग त्यांनी मला उठवलं. नवं कडं बसवताना त्यांनी हळूच विचारलं, की वरून थोडं सूत लावलं तर चालेल का.

त्या दिवशी घरी गेलो तेव्हा हिने मला दारातच थांबवलं आणि शर्ट पायरीवर काढायला लावला. शेजारच्या जिजी विचारायला आल्या, की भाईसाब कुठे पडले का. ही म्हणाली, "नाही, हे त्यांचं कामच आहे."

एवढी प्रस्तावना एवढ्यासाठी, की माझ्या डोक्यात हवा किती होती ते कळावं. कारण आता सबनीसकाकांची गोष्ट सांगायची आहे आणि ती त्या हवेशिवाय समजणार नाही.

सबनीसकाका विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. मूळचे मिरजेचे. वाहनांच्या अपघाताचे दावे तपासायचं त्यांचं काम. ट्रक खरंच उलटला की उलटवला, हे ते चाकाच्या खुणेवरून सांगायचे. बदल्या होत होत जयपुरात आले, मुलाला इथे नोकरी लागली, आणि काका-काकू झोटवाड्यातच राहिले. त्यांच्याकडे एक जुनी मोटरसायकल होती. तिचं उत्पादन कंपनीने कधीच बंद केलं होतं. तिचं झाकण अॅल्युमिनियमचं, त्याला तेल मोजायची पट्टी जोडलेली. ते झाकण मोडलं तर भंगार बाजारातही दुसरं मिळणार नव्हतं. दुसऱ्या गाडीचं झाकण आट्यांत बसलं असतं, पण त्याच्या पट्टीने तेल खोटं दाखवलं असतं. आणि खोटं दाखवणारी वस्तू काकांना घरात चालत नसे.

त्यांचा एक नियम होता. मंडळाच्या कोजागिरीला दुधाचे पेले हातात घेऊन गच्चीवर बसलो असताना त्यांनी तो आम्हा सगळ्यांना ऐकवला होता. "ज्याला स्वतःच्या गाडीचं तेल बदलता येत नाही त्याने ती चालवू नये. ज्या दिवशी मला जमणार नाही त्या दिवशी मी किल्ली ठेवणार." काकू शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "हे दरवर्षी म्हणतात." सगळे हसले. रविवारी सकाळी काकूंना मागे बसवून ते चौमूंला ताजी भाजी आणायला जायचे. भाजी झोटवाड्यातही मिळत होती, हे काकूंना माहीत होतं आणि त्यांनाही.

एकदा काका गाडी घेऊन माझ्याकडे आले. "पाटणकर, झाकण निघत नाही हो. घरी बराच प्रयत्न केला." मी बघितलं तर खरंच अडलं होतं. कडं जुनं होऊन चिकटलं होतं. मी सगळी पद्धत केली, काढून दिलं, नवं कडं घातलं. काका माझ्या शेजारी वाकून लक्ष देऊन बघत होते. म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे." विम्याच्या माणसाने चांगलं म्हणणं ही सोपी गोष्ट नाही. मी घरी येऊन हिला दोनदा सांगितलं.

पुढच्या तेलबदलीला ते पुन्हा आले. पुन्हा झाकण निघेना. मी फडकं गुंडाळलं, ठोकलं, ट्यूब लावली, आणि झाकण असं अलगद आलं की मी मनात स्वतःची पाठ थोपटली. काय हात बसलाय माझा! मग मी काकांना चक्क व्याख्यान दिलं. "काका, तुम्ही फार जोर लावता. झाकणाला जोर नको. दोन बोटांनी लावायचं, असं. कडं आपलं काम करतं." आयुष्यभर गाडी सांभाळलेल्या माणसाला मी दोन बोटं दाखवत होतो. काका माझ्या बोटांकडे बघत राहिले. "दोन बोटांनी," ते म्हणाले. "बरं." नेहमीसारखा वाद त्यांनी घातला नाही. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर एके दिवशी काकू एकट्या आल्या, ऑटोने. सर्व्हिस सेंटरमध्ये बायका सहसा येत नसत, म्हणून बाबूलालजींनी खुर्ची पुसून दिली. काकू बसल्या, पर्स मांडीवर धरली आणि सरळ विचारलं.

"पाटणकरभाऊ, खरं सांगा. झाकण खरंच घट्ट असतं का?"

"म्हणजे काय काकू? पहिल्या वेळी तर..."

"पहिल्या वेळचं नाही. परवाचं."

मी परवाचं आठवलं. झाकण अलगद आलं होतं. इतकं अलगद, की आता आठवल्यावर माझ्या हाताची कीर्ती मलाच संशयास्पद वाटू लागली. मी समोरचा पाना उगाच पुसायला घेतला. काकूंना उत्तर मिळालं.

"हाताला जोर राहिलेला नाही त्यांच्या," त्या म्हणाल्या. "सकाळी कपबशी दोन्ही हातांनी धरतात. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं. मतलब, घरात ठीक आहे हो, कप फुटला तर फुटला. पण मी मागे बसते ना. सिग्नलला गाडी थांबते, पण थोडी पुढे जाऊन थांबते. सीकर रोडला ट्रक असतात. मी डोळे मिटून घेते."

"तुम्ही त्यांना सांगितलंत का?"

"मी सांगितलं तर बायको घाबरट. मुलाने सांगितलं तर म्हणतील याला गाडी भंगारात काढायची आहे. गाडीच्या बाबतीत ते फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा."

"काय सांगू काकू?"

"जे आहे ते. झाकण सैल होतं म्हणून सांगा. बाकीचं त्यांचं त्यांना कळेल. त्यांचा नियम आहे ना."

त्या गेल्या आणि मी दिवसभर कामात चुका केल्या. घरी हिला सगळं सांगितलं. म्हटलं, गाडीचं इंजिन संपलंय असं सांगतो, दोष गाडीवर जाईल, माणसावर येणार नाही. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तुम्ही खोटं बोलायला लागलात की आधी चष्मा पुसता." मी म्हटलं, तसं काही नाही, आणि चष्मा पुसला.

काका आले ते पुढच्या महिन्यातच. तेल बदलायची अजून वेळही झाली नव्हती. सकाळची वेळ, अंगणात ऊन आलेलं, गर्दी नाही. "पुन्हा अडलंय," ते म्हणाले आणि गाडी स्टँडवर लावली. स्टँडवर लावताना त्यांना दोनदा ओढावी लागली, हे मी आता पाहिलं. आधीही ओढावी लागत असणार.

मी पाटावर बसलो. ब्रशने घाण काढायला लागलो आणि काढता काढता झाकणाला बोट लागलं, तर ते फिरलं. नुसतं बोट लागून फिरलं. मी वर बघितलं नाही. काका माझ्या डोक्यावर उभे होते. इंजिन संपलं असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं, काकू म्हणाल्या होत्या जे आहे ते सांगा, आणि मी यातलं काहीच केलं नाही. मी तेच बोट उलटं फिरवून झाकण जागेवर आणलं आणि गरम फडकं मागवलं.

मग जे मी केलं ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी फडकं गुंडाळलं. दांड्याने ठोकलं. ट्यूब लावली. दात आवळले. "फारच घट्ट आहे हो काका," असं म्हणून तोंड वेडंवाकडं केलं. कपाळावरचा नसलेला घाम पुसला. नाटकात मी कधी काम केलं नव्हतं, मंडळाच्या गणपतीत पडदा ओढायचो फक्त. बाबूलालजी हातातलं काम सोडून बघत उभे राहिले, त्यांना खरंच काळजी वाटली. शेवटी मी एक मोठा हुंकार देऊन झाकण काढलं आणि म्हटलं, "आलं एकदाचं. कड्याला वाळू लागली होती." आणि चष्मा काढून पुसला.

काकांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसले. दावा तपासायला बसावं तसे.

"पाटणकर, हे झाकण मी काल संध्याकाळी कसंबसं काढलं आणि पुन्हा लावलं. दोन बोटांनी. तुम्ही शिकवलंत तसं. कडं तुम्हीच घातलेलं, नवं आहे. खाली मी स्वच्छ फडकं फिरवलं होतं. वाळू कुठून आली?"

मी चष्मा पुसत राहिलो.

"आज सकाळी मी ते उघडायला गेलो," ते म्हणाले. "एका हाताने उघडलं नाही. दोन्ही हातांनी उघडलं नाही. आता यात दोनच शक्यता. दोष झाकणात आहे किंवा माझ्यात. मला स्वतःला ते ठरवता येईना, कारण मी त्यात पक्षकार. म्हणून तिऱ्हाईत माणसाकडे आलो. गावात या विषयातला तज्ज्ञ एकच. तुम्हाला मी सर्व्हेयर म्हणून नेमलं होतं, पाटणकर. आणि तुम्ही खोटा अहवाल दिलात."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बाबूलालजींना मराठी कळत नव्हतं, पण ते हळूच आत निघून गेले.

"काका, मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते कळलं मला. चांगलं वाटलं. तुमच्याइतका घाम गाळून माझ्यासाठी कुणी खोटं बोललेलं नाही." ते किंचित हसले. मग म्हणाले, "गेल्या वेळी पण असंच केलंत का?"

"नाही हो काका," मी म्हटलं, आणि हे मात्र अगदी मनापासून बोललो. "गेल्या वेळी मला खरंच वाटलं की माझ्या हातामुळे उघडलं."

यावर काका मोठ्याने हसले. इतके, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं असं मी तेव्हा ठरवलं आणि अजूनही तसंच ठरवून आहे. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. मग ते हसू संपलं आणि आम्ही दोघं उघड्या इंजिनाकडे बघत बसलो. आतलं तेल स्वच्छ, मधाच्या रंगाचं होतं. त्या गाडीला काहीच झालं नव्हतं.

"ही माझ्या मागे बसते," काका म्हणाले. "ती सिग्नलला डोळे मिटते. आरशात दिसतं मला."

काकूंनी मला हेच सांगितलं होतं, हे सांगावं की नाही ते कळेना. शेवटी नाही सांगितलं. दोघांनी एकमेकांपासून जपून ठेवलेलं मी फोडणारा कोण?

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "लावा ते झाकण. आता पक्कड घेऊन लावलंत तरी चालेल, मला उघडायचं नाहीये."

मी पक्कड घेतली नाही. पण मला झाकण लावताच येईना. आटी धरेना. इतकी वर्षं मी हेच करत आलो होतो आणि दोनदा ते तिरकं बसलं. काका वाकले, त्यांनी झाकण सरळ धरलं, आणि मग मी ते फिरवलं.

"घरी सोडता का?" ते म्हणाले. "ऑटोने गेलो तर ती घाबरेल, काय झालं म्हणून."

तेव्हा मी गाडी चालवली आणि काका मागे बसले. झोटवाड्यापर्यंत त्यांनी माझी एकही चूक सोडली नाही. गिअर उशिरा टाकला, बसच्या मागे उगाच राहिलात, वळताना हात दाखवा. सिग्नलला मी वेळेवर थांबलो तर म्हणाले, "आता बरं." त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यात जोर नव्हता, पण तो त्यांनी उचलला नाही.

काकू फाटकात तुळशीला पाणी घालून उभ्या होत्या. गाडीचा आवाज त्यांना ओळखीचा, म्हणून त्यांनी बघितलं, आणि पुढे मी आणि मागे काका असं बघून त्या जागच्या हलल्या नाहीत. तांब्या हातातच राहिला. काका उतरले. उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि तो घेतल्याचं लपवलं नाही.

"मागे बसून काहीच दिसत नाही गं," ते काकूंना म्हणाले. "तू इतकी वर्षं काय बघत होतीस?"

"तुमची पाठ," काकू म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.